अंधारपतीचे वीस वाढीव खून

खर्जकाकांच्या हातून उभ्या आयुष्यात एक झुरळ मेलेलं नाही. स्वयंपाकघरात झुरळ दिसलं की काका खुर्चीवर आणि चप्पल काकूंच्या हातात, अशी त्या घरातली चौतीस वर्षांची कामाची वाटणी होती. पण हेच काका गेली नऊ वर्षं दर रविवारी सकाळी दहा वाजता टीव्हीवर ग्रहच्या ग्रह जाळत होते आणि वर खदाखदा हसतही होते.

त्याचं असं, की परदेशातून आलेली अंतराळातली एक मालिका होती, संपता न संपणारी. तिच्यात अंधारपती नावाचा खलनायक होता. अंगात पायघोळ हिरवा झगा, तोंडावर तांब्याचा सपाट मुखवटा आणि त्याला डोळ्यांच्या जागी एकच आडवी फट. या अंधारपतीचा आपल्या भाषेतला आवाज म्हणजे काका. आवाज असा खालच्या पट्टीतला, की स्टुडिओत त्यांचं नावच खर्जकाका पडलं आणि पुढे खरं नाव विचारायचं कोणाला सुचलं नाही. भाजीवाली रांग मोडून त्यांना आधी भाजी द्यायची आणि बदल्यात एक राक्षसी हास्य मागायची. काका आढेवेढे घ्यायचे, मग द्यायचे, आणि घरी येईपर्यंत खुशीत असायचे.

मालिकेचे संवाद आपल्या भाषेत आणायच्या काकू. तुम्हाला वाटेल, त्यात काय मोठंसं? तर एकदा करून बघा. पडद्यावरचा माणूस जितका वेळ ओठ हलवतो तितक्याच वेळात आपलं वाक्य संपलं पाहिजे. तो तोंड मिटतो तिथे आपलंही मिटलं पाहिजे. काकू जेवणाच्या टेबलाशी स्टॉपवॉच घेऊन बसायच्या, एकेक वाक्य स्वतःशी पुटपुटायच्या, खोडायच्या, पुन्हा पुटपुटायच्या. एका वाक्यापायी त्यांची भाजी करपली आहे, एकदा नाही, कैकदा.

अंधारपतीला मात्र ओठच नव्हते. असतील, पण मुखवट्याआड. तो कधी बोलायला लागला आणि कधी थांबला हे बघणाऱ्याला कळायचा मार्गच नव्हता. आणि तो मूळचा मितभाषी. एखादं वाक्य बोलणार, मग नुसता उभा राहणार, झगा फडफडवणार, पाठ फिरवून चालत जाणार. ती रिकामी जागा पाहिली की काकांच्या जिभेला खाज सुटायची. काकूंचं वाक्य संपलं की काका आपल्या पदरचं पुढे चालू करायचे. "थरथर काप!" म्हणायचे. "असे छप्पन्न पाहिले!" म्हणायचे. स्टुडिओत याला 'काकांची भर' असं नाव होतं. जुने दिग्दर्शक या भरीवर बेहद्द खूश. मग काय, काका सुटले. नुसत्या धमक्या देऊन भागेना, तेव्हा ते गुन्हे कबूल करायला लागले.

तिसऱ्या वर्षी बर्फाच्या पुलावरचा तो प्रसंग आला. मालिकेतली नायिका, शूर सेनानी वगैरे, अंधारपतीला विचारते, "माझी आई कुठे आहे?" काकूंनी उत्तर लिहिलं होतं, "ते तुला कधीच कळणार नाही." एवढं बोलून अंधारपती वळतो आणि यानाकडे चालत जातो. चालायला त्याला लागतात अकरा सेकंद. अकरा सेकंद! काकांसारख्या माणसाने अकरा सेकंद गप्प बसायचं? ते गरजले, "कारण तिला मी संपवलंय, या माझ्या हातांनी!" आणि उरलेले सात सेकंद हसले. काचेपलीकडे दिग्दर्शकांनी उठून टाळ्या वाजवल्या.

काकूंना ते घरी आल्यावर कळलं. "अहो, आणि पुढे आई परत आली तर?"

"तीन वर्षांत आली का? मग आता कुठून येतेय?" काका म्हणाले. "आणि रिकामी जागा बरी दिसत नाही गं."

आता त्या स्टुडिओची एक पद्धत सांगितली पाहिजे, कारण घोळ तिथेच झाला. रेकॉर्डिंग झालं की प्रत्यक्षात जे बोललं गेलं ते नव्याने टाइप करायचे, त्यावर संवादलेखकाची सही घ्यायचे आणि ती प्रत फाइलला लावायचे. मूळ प्रत रद्दीत. थोडक्यात, बोलले काका आणि सही काकूंची. नऊ वर्षं काकू निमूट सही करत आल्या. एकाच घरात राहायचं, एकाच टेबलावर जेवायचं, तर रोज रोज कुठे भांडत बसा!

आणि नवव्या वर्षी, शेवटच्या भागात, आई परत आली.

जुने दिग्दर्शक तोवर निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी आलेल्या मॅडम वयाने काकांच्या निम्म्या आणि कामाला दुप्पट. एका सोमवारी त्यांनी दोघांना बोलावलं आणि शेवटचा भाग दाखवला. आई एका दूरच्या चंद्रावर सुखरूप होती. चांगली धडधाकट. अंधारपती लेकीच्या समोर गुडघे टेकतो, नऊ वर्षांत पहिल्यांदाच मुखवटा काढतो, चूक कबूल करतो. मायलेकी एकमेकींकडे बघतात आणि मान हलवून त्याला माफ करतात. सगळं मिळून चाळीस सेकंदांत.

"मूळ मालिकेत हे ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. "तिथे त्याने एकूण सहा माणसं मारलीत, तीही लढाईत. मी शनिवार-रविवार बसून आपली फाइल वाचली. आपल्याकडे सव्वीस! स्वतःच्या गुरूला विष. अनाथाश्रमाला आग. आणि ही आई, जी आता दारात उभी आहे. माझ्या घरी मी हा भाग आईला दाखवला. ती म्हणाली, याला माफी? याला उलटा टांगा! लोक आपल्या चॅनलवर मोर्चा आणतील."

काका छताकडे बघत होते. छतात बघण्यासारखं काही नव्हतं.

"सह्या सगळ्या तुमच्या आहेत, काकू," मॅडमचा आवाज खाली आला, पण बदलला नाही. "मला वाईट वाटतंय. पण हे मी चॅनलला काय म्हणून समजावू? शेवटच्या भागाला मी दुसरा लेखक बघते. आणि पुढच्या मालिकेचंही... आपण नंतर बोलू."

नंतर बोलू याचा अर्थ कळायला काकूंना कोशाची गरज नव्हती. त्यांनी काकांकडे एकदा पाहिलं. अर्धं मिनिट असेल. मग पर्स उचलली आणि म्हणाल्या, "बरं."

घरी आल्यावर काका टेबलाशी येऊन बसले. त्यांचा स्वभाव असा, की कप फुटला तर टेबलाचा काठ वाईट, बस चुकली तर बस लवकर आलेली. चूक नावाची वस्तू त्यांच्या हाताला कधी लागतच नसे. त्यामुळे त्यांनी आधी उपाय सुचवायला सुरुवात केली.

"जुळी बहीण!" ते चहा घेताना म्हणाले. "मारली ती आईची जुळी बहीण."

"ती पडद्यावर येऊन स्वतःचं नाव सांगते," काकू म्हणाल्या.

"मग मारून पुन्हा जिवंत केली. विज्ञान केवढं पुढे गेलंय त्यांचं!"

काकूंनी चहाचा घोट घेतला.

"नाहीतर अंधारपतीच्या डोक्यावर काहीतरी पडलं होतं आणि..."

"अहो," काकू म्हणाल्या, "माझ्या हातची मूळ पानं पलंगाखालच्या पेटीत आहेत. नऊ वर्षांची. माझी ओळ कुठे संपते आणि तुमची कुठे सुरू होते, मॅडमना दहा मिनिटांत दिसेल."

काकांचा चेहरा उजळला. "मग ने ना उद्या! आधी नाही का सांगायचं?"

"नाही नेणार. नवऱ्याविरुद्धचे पुरावे पिशवीत घालून मी ऑफिसात जाणार नाही. तुम्हाला तोंड आहे. ते नऊ वर्षं नको तिथे चाललं." आणि त्या कप विसळायला उठल्या.

मंगळवार गेला, बुधवार गेला. काकू टेबलाशी बसत नव्हत्या. स्टॉपवॉच कपाटात गेलं होतं. संध्याकाळी त्या शेजारणीशी जिन्यात बोलत उभ्या राहिल्या, तेही हवापाण्याबद्दल, आणि भाजी एकदाही करपली नाही. काकांना घास जाईना. शेजारणीने काकांना विचारलं, "काय हो, तुमचा तो अंधारपती शेवटी सुधारणार का?" एरवी काकांनी तिला अर्धा तास थांबवून घेतलं असतं. आज ते "बघू" म्हणाले आणि आत आले. त्यांना स्वतःचाच राग येत होता, आणि सवय नसल्यामुळे तो कुठे ठेवायचा ते कळत नव्हतं.

एक गोष्ट त्यांना चांगली ठाऊक होती. खरं सांगितलं तर जाईल तो शेवटचा प्रसंग. नऊ वर्षं तांब्याच्या मुखवट्याआड काढली, आणि आता कुठे चेहरा दिसणार होता. त्या चेहऱ्याला आपला आवाज असावा, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. काका लोभी नव्हते, पण त्या चाळीस सेकंदांवर त्यांचा जीव होता.

शुक्रवारी रेकॉर्डिंग होतं, शेवटच्या भागाआधीच्या, मुखवट्यातल्याच प्रसंगांचं. ती पानं काकूंनी आधीच लिहून दिली होती. काका काचेच्या खोलीत माइकसमोर उभे राहिले, हेडफोन लावले. काचेपलीकडे मॅडम आणि रेकॉर्डिस्ट. पडद्यावर अंधारपती यानाच्या खिडकीशी उभा राहिला आणि काकांनी ठरवून टाकलं. आत्ता नाही तर कधीच नाही.

"त्या आईला..." ते खर्जात म्हणाले, "मीच मारलं! दोष माझा आहे! माझ्या पत्नीचा नाही!"

रेकॉर्डिस्टने अंगठा वर केला. "काका, जबरदस्त! पण हे पानावर नाहीये."

"काका, प्लीज," हेडफोनमध्ये मॅडमचा आवाज आला, "आज भर नको. आणि अंधारपतीला बायको कुठेय?"

काकांनी घसा साफ केला. "ऐका! हे मी बोलतोय! स्वतः मी! इतकी वर्षं ते शब्द माझे होते!"

"वा!" रेकॉर्डिस्ट म्हणाला. "अंगावर काटा आला. सेव्ह करून ठेवतो, कुठेतरी वापरू."

एखाद्याने नऊ वर्षं खोटे गुन्हे कबूल केल्यावर त्याचा खरा गुन्हा ऐकायला कोण बसलंय? काकांनी तिसऱ्यांदा प्रयत्न केला तेव्हा मॅडम चिडल्या आणि चहाची सुट्टी जाहीर झाली.

मग मात्र काकांनी हेडफोन काढून खुंटीला लावले, जड दार ढकललं आणि ते बाहेर येऊन मॅडमच्या खुर्चीसमोर उभे राहिले. दूधवाल्याशी बोलताना ते जो आवाज वापरत तो त्यांनी काढला. बारीक, थोडासा घोगरा. स्टुडिओत तो कोणीच कधी ऐकला नव्हता. रेकॉर्डिस्टने आधी त्यांच्या मागे कोणी उभं आहे का ते पाहिलं.

"मॅडम, ती पुलावरची ओळ हिने लिहिलेली नाही. ती मी घुसडली. सही हिची असते, बडबड माझी. हिने मला तेव्हाच बजावलं होतं. मी ऐकलं नाही. आणि सोमवारी तुमच्यासमोर मूग गिळून बसलो."

मॅडमनी हातातला चहा खाली ठेवला. "फक्त तीच ओळ?"

काका बोटं मोजायला लागले. दोन्ही हात संपले तेव्हा त्यांनी पुन्हा अंगठ्यापासून सुरुवात केली. "वीस," ते म्हणाले. "वीस खून माझे."

"गुरूला विष?"

"माझंच. अंधारपती जिना चढत होता, बराच वेळ लागला."

"अनाथाश्रम?"

"हो."

"आणि सहाव्या वर्षी तो कुत्रा?"

काकांनी मान खाली घातली. "तोही मीच. वीसमध्ये धरला नाही."

रेकॉर्डिस्टला हसू आवरेना, म्हणून तो वायर शोधायला टेबलाखाली गेला. मॅडम मात्र हसल्या नाहीत.

"काका, मी एका बाईचं काम काढून घेतलं होतं. सोमवारपासून आज शुक्रवार."

"हो."

"काकूंना मी आत्ता फोन करते, माफी मागते. शेवटचा भाग त्याच लिहितील, पुढची मालिकाही. पण मुखवटा उतरल्यावरचा प्रसंग तुम्ही बोलायचा नाही. तिथे ओठ दिसतात. तिथे एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर मला चालणार नाही, आणि तुमची खात्री मी कशी देऊ? तो मी दुसऱ्याकडून करून घेईन."

काकांनी मान डोलावली. वाटलं होतं, खरं बोलल्यावर हलकं हलकं वाटेल. कसलं हलकं? छातीवर कोणी पाट ठेवल्यासारखं झालं होतं. जिन्यातून उतरताना त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत, कारण कठड्याला धरायला हात हवा होता.

घरी आले तर काकू टेबलाशी. कागद पसरलेले, पेन्सिल कानामागे, स्टॉपवॉच समोर. काका दारातच थांबले. त्यांची अपेक्षा होती की काहीतरी होईल. काकू उठतील, निदान पाणी तरी विचारतील.

"मी सांगितलं," ते म्हणाले.

"मॅडमचा फोन आला होता. कुत्र्याचंही सांगितलंत म्हणे."

"सगळं सांगितलं." काका चपला काढेनात. "मग... झालं ना आता? राग गेला?"

काकूंनी पेन्सिल हातात घेतली. "अहो, खरं सांगितलं की त्याच क्षणी माफी, हे कुठे लिहिलंय? मी तर नाही लिहिलं. तुम्ही सांगितलंत ते चांगलं केलंत. राग आहे. चार दिवस मी या टेबलाकडे बघू शकत नव्हते. तो आपला आपण जाईल तेव्हा जाईल. चपला काढा."

काकांनी चपला काढल्या. बसायचं की नाही ते न कळून खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले.

"तुझ्या त्या अंधारपतीचं काय करणार?" त्यांनी चाचरत विचारलं. "सव्वीस खून."

"तेच लिहितेय. तो सांगणार आहे की त्यातले वीस त्याने केलेच नाहीत. लोकांनी घाबरावं, आपण मोठे दिसावं म्हणून बोलला. उरलेले सहा त्याने केले, ते तो नाकारत नाही. मायलेकींनी काय करायचं ते त्या ठरवतील. मूळ मालिकेत त्या शेवटी मान हलवतात. मान हलवली म्हणजे माफ केलं, असं मॅडमना वाटतं. मला नाही वाटत. मी तिथे त्यांच्या तोंडी काहीच घालणार नाहीये."

काका काही बोलले नाहीत. हे त्यांच्या बाबतीत क्वचितच घडतं, म्हणून नोंद करून ठेवतो.

काकू घड्याळाकडे बघत एक ओळ पुटपुटल्या, खोडली, पुन्हा पुटपुटल्या. मग थांबल्या. चौतीस वर्षांत जे त्यांनी कधी केलं नव्हतं ते केलं. समोरचं पान फिरवून काकांकडे सरकवलं.

"बायकी आवाजात मला अंदाज येत नाहीये. वाचा. रेकॉर्डिंगला कोणीतरी दुसरा असणार, ते ठाऊक आहे. मला फक्त मोजायचंय. पानावर आहे तेवढंच."

काकांनी चष्मा लावला. पान दोन्ही हातांत धरलं, ताठ उभे राहिले, आणि सगळा खर्ज गोळा करून गरजले, "मी चुकलो!"

कपाटावरची भांडी वाजली. शेजारणीच्या दाराची कडी निघाल्याचं ऐकू आलं.

काकूंनी घड्याळ थांबवलं. "अहो, एवढ्या जोरात कोणाला सांगताय?" त्या म्हणाल्या. "इथे मी एकटीच आहे."

काका पान धरून तसेच उभे राहिले. मग खुर्ची ओढून काकूंच्या समोर बसले. पान टेबलावर ठेवलं. त्या ओळीसाठी त्यांना आता त्याची गरज नव्हती.

"मी चुकलो," ते म्हणाले, त्या बारीक, घोगऱ्या आवाजात.

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. घड्याळ सुरू करायचं राहून गेलं होतं.

"हं," त्या म्हणाल्या. "पुढची ओळ वाचा."